मातीत राहिलेली पिशवी

फोटो आला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर कुणाचं तरी रक्त होतं. म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं, वाळवून रंगवलेलं. सव्वीस वर्षं मी हेच बघत आले आहे. उजव्या हाताशी ठेवलेला फोन थरथरला, सरकत मायक्रोस्कोपच्या बुडाला टेकला आणि भिंगाखालचं सगळं चित्र हललं. मी वैतागून डोळा काढला. अळंबीच्या ग्रुपवर मास्तरांनी काहीतरी टाकलं होतं. ओली काळी माती, बाजूला सारलेला पाला, आणि मातीत अर्धी रुतलेली एक पांढरी पिशवी, अंड्याचं वरचं टोक उडवावं तशी. तिच्या मधोमध देठाचा खुंट होता, सुरीने सपाट कापलेला. खाली मास्तरांनी लिहिलं होतं की काल बांधाजवळ हे कुणी कापलं, असं कापलं की ओळखीची मुख्य खूण मातीतच राहते, ही विषारी जातीची पिशवी आहे, सगळ्यांनी नीट बघून ठेवा. वेळ नऊ चाळीस. मी फोन पालथा घातला, परत डोळा लावला आणि पेशी मोजू लागले. मोजणीयंत्रावर प्रत्येक जातीच्या पेशीला एक कळ, बोटं आपोआप पडतात. शंभर झाल्या तेव्हा लक्षात आलं की मी कुठल्या पेशीला कुठली कळ दाबली ते मला अजिबात सांगता येणार नाही.

ओळखणं हे माझं काम आहे. आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आता मशीन आलंय, ते मिनिटात हजारो पेशी मोजून मोकळं होतं. ज्याची त्याला खात्री नसते ते माझ्याकडे येतं. पूर्वी मला त्याचा तोरा होता, मशीनने हात टेकले की बाईंना बोलवतात म्हणून. पण गेल्या वर्षाच्या शेवटी माझ्या नजरेतून एक काचपट्टी सुटली. नको त्या पेशी होत्या, तीन-चारच, आणि मी 'ठीक' लिहून सही ठोकली. आमच्या मुख्य डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सहज म्हणून ती परत पाहिली, म्हणून निभावलं. कुणाचं काही बिघडलं नाही. 'होतं असं,' एवढंच त्या म्हणाल्या आणि तेच मला लागलं. चांगलं झापलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी सगळं दोनदा बघायला लागले. काचपट्टी दोनदा, गॅसचं बटण दोनदा, दाराची कडी दोनदा, जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीचा चेहरासुद्धा दोनदा. आणि दुसऱ्यांदा बघितलं की पहिल्या वेळची खात्रीही जाते, हे ज्याचं झालंय त्यालाच कळेल. मग एक दिवस वाचनालयाच्या फलकावर चिठ्ठी दिसली, दर रविवारी सकाळी रानातली अळंबी ओळखायला शिका. मला वाटलं, जिथे आपण कधी चुकलोच नाही असं काहीतरी नव्याने शिकावं. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे पेटीतली वजनं एकेक करून फडक्याने पुसत होते. ह्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. ह्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, काटा बरोबर असलेली आणि नसलेली. ते म्हणाले, आठवडाभर लोकांचं रक्त बघतेस, आता रविवारी कुत्र्याच्या छत्र्या बघ. आणि हसले. ह्यांचं हसणं असं आहे की आपल्यालाही हसावंच लागतं. पण त्या काचपट्टीनंतर माझं हसू निम्म्यावरच अडायचं, आणि ते त्यांना दिसायचं.

फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. मी बघितलं नाही, पण काय येत असणार ते कळत होतं. शेवटी न राहवून बघितलंच. बँकेतल्या बाई, मी नाही. बेकरीवाला, मी नाही, खाली नमस्काराचे हात. निवृत्त ड्रायव्हर, त्यांची बायको, जुळ्या बहिणी आणि त्यांचा भाऊ, सगळे मी नाही, मी नाही. आठांतल्या सातांनी हात वर केले होते. आठवी मी. वर्गात असंच व्हायचं, फळ्यावर कुणी लिहिलं असं विचारलं की सगळी पोरं भराभर नाही म्हणायची आणि ज्याने लिहिलं तोच मूग गिळून बसायचा. माझ्या पोटात गोळा आला. पोट, म्हणजे माझं पोट. मग मला दुसऱ्या पोटाची आठवण झाली.

मास्तर म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक, किडकिडीत, गळ्यात शिट्टी. आम्ही सगळे पन्नाशीच्या आसपासचे, काही पुढचे, तरी शिट्टी वाजली की रांगेत उभे राहायचो. राईत ते दोऱ्या बांधून जमिनीचे कप्पे पाडायचे, ज्याचा त्याचा कप्पा ठरलेला. अळंबी ओढायची नाही, कापायची नाही. भोवतालची माती सैल करायची आणि बुडापासून अलगद उचलायची. मग चादरीवर मांडायची, नाव सांगायचं, तीन कारणं द्यायची. शेवटी सगळ्यांच्या सगळ्या अळंब्या एका खड्ड्यात टाकून माती लोटायची. पहिलं वर्षभर घरी न्यायची नाही आणि तोंडात तर मुळीच घालायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच परत जायचे, आम्ही तुडवलेली जागा सारखी करायला. एवढी माणसं येऊन गेल्याचं राईला कळता कामा नये, म्हणायचे. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो, मास्तर सोमवारी रानाच्या वह्या तपासतात म्हणून. खाण्याजोगी पांढरी आणि जीवघेणी पांढरी यांवर त्यांनी दोन रविवार घालवले होते. चांगलीच्या टोपीखालच्या पात्या गुलाबी, पुढे तपकिरी होतात. वाईटच्या पांढऱ्याच राहतात. देठावरची झालर दोघींनाही असते, तिच्यावर जाऊ नका. पण बुडाशी पिशवी असते ती फक्त वाईटला, आणि ती असते मातीच्या आत. शिवाय ते विष घाई करत नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. अर्धा दिवस काहीच होत नाही. मग पोट ढवळून निघतं. मग एखाद दिवस माणसाला बरं वाटतं, तो उठून बसतो, चहा मागतो, आणि त्या वेळात आत यकृत निकामी होत चाललेलं असतं. बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका, म्हणाले. काल दुपारी दोन ते आज सकाळी नऊ चाळीस. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा वीसला थोडे कमी तास आले.

काल माझ्या कप्प्यात सात अळंब्या निघाल्या. पाच उघड्या गवतात, दोन बांधाजवळच्या झाडाच्या बुंध्याशी पाल्यातून डोकं वर काढलेल्या. पाच मी शिकवल्यासारख्या नीट काढल्या. बुंध्याजवळ मात्र माती चिकट होती, सुरी मुळांत अडकायला लागली, आणि टोपलीतल्या पाच इतक्या स्वच्छ दिसत होत्या की त्यांच्यात चिखल नकोसा वाटला. हा धंद्याचा रोग. नमुना स्वच्छ हवा, भोवतालची घाण आत येता कामा नये, सव्वीस वर्षं हाताला तेच वळण. मी जमिनीलगत दोन्ही देठ कापले. उलटून पाहिलं. पात्या गुलाबी नव्हत्या, फिकट होत्या. पण कोवळी असताना चांगलीच्याही फिकट असतात, हे मास्तरांनीच सांगितलं होतं. म्हणजे ह्या कोवळ्या. परत एकदा बघावं असं मनात आलं होतं, आणि नेमकं त्याच सकाळी घरातून निघताना मी स्वतःला बजावलं होतं की आज कुठलीही गोष्ट दोनदा बघायची नाही. म्हणून बघितलं नाही. चादरीवर मी पाचच मांडल्या. त्या दोन माझ्या जेवणाच्या डब्यात होत्या. त्या तिथे कशा गेल्या ते मला आठवत नाही असं मी आज स्वतःला सांगून पाहिलं, पण मला चांगलं आठवतं. मास्तरांनी सगळ्यांसमोर 'ह्या कुठल्या?' म्हटलं असतं आणि मला सांगता आलं नसतं, एवढीच भीती होती. पाचांची तीन कारणं मी धडाधड दिली. मास्तरांनी विचारलं, सगळ्या बुडापासून काढल्यात ना ताई? मी हो म्हटलं. बँकेतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मला शाबासकी मिळून किती दिवस झाले होते. सगळे खड्ड्याशी वाकले तेव्हा मी पाठ वळवली, त्या पाचही डब्यात घातल्या आणि झाकण दाबून बसवलं.

मला ह्यांना दाखवायचं होतं. आणखी काही नाही, खरंच आणखी काही नाही. कढईत लोणी टाकलं, लसूण ठेचून टाकला. नुसत्या पाच चिरून पाहिल्या तर कढईचा तळही झाकेना, म्हणून त्या दोनही चिरल्या. चिरताना वास घेतला. चांगला होता. वास ही खूण नाही हे मला माहीत होतं. हे आंघोळ करून आले, कढईत डोकावून म्हणाले, परवानगी मिळाली वाटतं? मी म्हटलं, मास्तरांनी बघून दिल्यात. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. सगळ्या ह्यांच्या ताटात वाढल्या, वर मिरपूड, बाजूला पाव. तुला, म्हणाले. मी म्हटलं, मला पित्त झालंय, मी नुसता पाव खाते. मग मी समोर बसले आणि बघत राहिले. ह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मान हलवली. मला इतका आनंद झाला. मायक्रोस्कोपपुढे बसून मी त्या आनंदाकडे परत परत बघत होते आणि त्याच्या बुडाशी काय होतं ते मला दिसत नव्हतं. मला पित्त झालं नव्हतं. भूक होती, चांगली सपाटून भूक होती. मग मी का नाही खाल्लं? ज्या बाईने हात आखडता घेतला तिला काय माहीत होतं, आणि जिने वाढलं तिला ते का माहीत नव्हतं? त्या दोघी माझ्यातच होत्या आणि एकमेकींना ताकास तूर लागू देत नव्हत्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ह्यांच्या हसण्याचा मला राग यायचा, हे खरं आहे. रोज थोडा यायचा. पण एवढा नाही, एवढा खासच नाही. मला माझीच भीती वाटली, अशी की खोलीत दुसरं कुणीतरी आहे आणि ते माझ्या खुर्चीवर बसलंय.

दहा वाजून गेल्यावर मी दुकानात फोन लावला. ह्यांनी उचलायला वेळ लावला. आवाज नेहमीचाच होता, थोडा खाली गेलेला. मी विचारलं, नळवाला आला होता का. म्हणाले, मी दुकानात आहे, मला कसं कळणार. मी विचारलं, बाकी काय. तर म्हणाले, काही नाही, पोट बिघडलंय, पहाटेपासून तीनदा जाऊन आलो, उलटीही झाली एकदा, तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. सांगायचं होतं. शब्द जिभेवर होते. आणि मी म्हटलं, पाणी पीत राहा, साखर-मीठ घालून. बरं, म्हणाले. मी फोन ठेवला. हे मी केलं. हे लिहिताना हात थांबतो, पण हे मी केलं. मग पुढची काचपट्टी लावली, तेलाचा थेंब सोडला, भिंग खाली घेतलं. मी स्वतःशी वकिली करत होते. काल बाहेर काही खाल्लं असेल. वातावरण खराब आहे. सगळीकडे पोटं बिघडलीत. तो खुंट माझ्या कप्प्यातला कशावरून? ग्रुपमधल्या सातांतलं कुणीही खोटं बोलत असेल. ह्या शेवटच्या मुद्द्यावर तर माझा चक्क विश्वास बसायला लागला होता, मी मनातल्या मनात बेकरीवाल्यावर संशयही घेतला. आणि सांगितलं तर? ह्यांच्या चेहऱ्यावर काय येईल? डॉक्टरबाई पुन्हा 'होतं असं' म्हणतील का? एक माणूस आतून मरत असेल आणि मी माझ्या तोंडाला काळं लागेल म्हणून बसले होते. हे मला त्याही वेळी कळत होतं आणि तरी मी उठत नव्हते. एक पूर्ण तास गेला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मास्तरांचा फोन आला. ग्रुपवर नाही, मला. ते रागावलेले नव्हते, धापा टाकत होते. म्हणाले, ताई, दोन्ही खुंट तुमच्या दोरीच्या आत आहेत. मी खड्डा उकरून पाहिला. तुमच्या टोपलीतलं त्यात काहीच नाही.

मी भिंगाखालची काचपट्टी काढून हातात घेतली.

'खाल्लंत का तुम्ही?'

'मी नाही.'

मग अगदी हळू म्हणाले, 'मग कुणी?'

एवढा साधा प्रश्न होता, पण माझा बांध तिथेच फुटला. मी सांगितलं. मास्तर म्हणाले, फोन ठेवा आणि पळा. मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले तेव्हा माझ्या हातात अजून काचपट्टी होती. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, खाली अपघात विभागात फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मला दार दाखवलं.

दुकानापर्यंत टॅक्सीला दहा मिनिटं लागली असतील. हे काउंटरवर कपाळ टेकून उभे होते. समोरच्या तराजूची दोन्ही पारडी रिकामी होती आणि काटा तरी हलत होता, कारण ह्यांचं अंग थरथरत होतं. मला बघून सावरून उभे राहिले. म्हणाले, तू कशी? मी म्हटलं, चला, कालच्यात एखादी वाईट आली असेल. चुकून, असंही म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक वजन उचलून पेटीत आपल्या आपल्या खळग्यात ठेवलं, मी घाई करत होते तरी, आणि झाकण लावलं. टॅक्सी हॉस्पिटलकडे वळली. ह्यांनी एकदा गाडी थांबवायला सांगितली आणि दार उघडून रस्त्यावर वाकले. मी पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने भिजला होता, आणि त्या ओल्या शर्टाखाली एकेक मणका बोटाला लागत होता. हे कधी इतके वाळले, ते मी बघितलंच नव्हतं.

अपघात विभागातली डॉक्टर तरुण होती, आमच्या लेकीच्या वयाची. पटापट विचारत होती आणि लिहीत होती. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, उलट्या कधीपासून, लघवी होते का. सलाईन लागलं. रक्त काढलं, तीन नळ्या. त्या नळ्या वर आमच्याकडेच जाणार होत्या, माझ्याच टेबलाशेजारच्या खिडकीत. मी सवयीने लेबल वाचलं आणि मग दुसऱ्यांदा वाचलं. डॉक्टर म्हणाली, आजचा रिपोर्ट चांगला आला तरी खूश होऊ नका, तीन दिवस दर सहा तासांनी बघत राहायचं, खरं काय ते त्यातच कळेल. मग कागद उलटून तिने विचारलं, 'तुम्हीही खाल्लं असेल ना? तुमचंही रक्त घ्यावं लागेल.'

'मी नाही खाल्लं.'

'का?'

तिने वर न बघता विचारलं. तिच्या दृष्टीने तो नेहमीचा प्रश्न होता. माझ्याकडे पित्त तयार होतं, पावही तयार होता. ह्यांचे डोळे छताकडे होते.

'मला खात्री नव्हती,' मी म्हणाले.

डॉक्टरची लेखणी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि काहीतरी एका ओळीत लिहून ती पडदा सारून गेली. पडद्याच्या कड्या दांडीवर वाजल्या. बाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. आता ह्यांनी मला काहीही म्हणावं, मी ऐकून घेणार होते. ओरडावं, निघ म्हणावं. मी पलंगाच्या कडेचा लोखंडी दांडा धरून उभी होते.

'मला ठाऊक होतं,' हे म्हणाले. 'तू ताटात घेतलं नाहीस तेव्हाच.'

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. 'ठाऊक होतं तर खाल्लंत का?'

ह्यांना कळ आली असावी, गुडघे पोटाशी घेतले. ती जाईपर्यंत थांबले. मग डोळे न उघडता म्हणाले, 'तू बघत होतीस गं. इतक्या आशेनं कुणी बघत असेल तर माणूस काय करणार.'

कालपासून माझ्या नजरेत काय होतं हे मी स्वतःला विचारत होते, आणि ह्यांनी ते ओळखून टाकलं होतं, एकदाच बघून. त्यांचं बरोबर होतं की नाही ते मला माहीत नव्हतं. ते बरोबर असावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात ह्यांना पुन्हा उमासा आला आणि मी भांडं पुढे धरलं. मग वरच्या मजल्यावरून आमच्या डॉक्टरबाईंचा फोन आला, पहिला रिपोर्ट तयार आहे, येऊन बघता का. मी म्हटलं, नको, तुम्हीच बघा.